दोन हजार नंबरचा पेपर

"नख फिरव," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. "डोळ्यानं बघू नको, डोळा फसवतो. नखानं बघ."

मी अंगठ्याचं नख बॉनेटवरच्या ओरखड्यांवरून आडवं फिरवलं. पहिल्यावरून ते सुळकन निघून गेलं. दुसऱ्यावर किंचित अडखळलं. तिसऱ्यावर पुन्हा काहीच लागलं नाही.

"अडकत नाही," मी म्हणाले. "नुसतं ठेचकाळतंय."

"मग वाचली गाडी. ओरखडा वरच्या क्लिअरमध्येच आहे, खाली रंगापर्यंत गेलेला नाही. पण घासायचं जपून. नवीन गाडीचा क्लिअर म्हणजे कांद्याचा पापुद्रा. एक हात जास्त पडला, की खेळ खलास."

हे त्यांनी मला शंभराव्यांदा सांगितलं असेल. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मिरज रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजात काम करायला लागून मला चार वर्षं झाली होती. आधी सीट धुवायला गेले होते. मग एकदा मिस्त्रींचा माणूस आला नाही म्हणून दरवाजा घासायला घेतला आणि मिस्त्रींनी माझा हात बघितला. तेव्हापासून पॉलिशचं नाजूक काम माझ्याकडे यायचं. गिऱ्हाइकं आधी माझ्याकडे बघून नाक मुरडायची आणि गाडी बघितली की गप्प व्हायची. मला त्या गप्प होण्याची चटक लागली होती, हे कबूल करते.

पण त्या सोमवारी गाडी गिऱ्हाइकाची असली तरी ती घेऊन आलेला माणूस माझा बाप होता.

आण्णा, म्हणजे दशरथ कुंभार, धनपाल मगदूम यांच्याकडे एकोणीस वर्षं ड्रायव्हर होते. मगदुमांचं तासगाव रस्त्याला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. मंगळवारी त्यांनी ही काळी कुळकुळीत गाडी घेतली. दारात पूजा झाली, चाकाखाली लिंबं फुटली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. रिवाजाप्रमाणे ते कुंकू चार दिवस कुणी पुसलं नाही. शनिवारी आण्णांनी गाडी धुतली. रविवारी एका लग्नाच्या मांडवाबाहेर उन्हात उभं राहून कुणीतरी म्हणालं, "शेठ, नव्या गाडीवर हे काय?" बॉनेटच्या मधोमध तीनचार ओरखडे उन्हात चमकत होते.

शुक्रवारी धनपालशेठनी आण्णांना झापलं होतं. मिरज स्टेशनवरून पाहुणे आणायला आण्णांना वीस मिनिटं उशीर झाला, म्हणून स्टोरेजच्या सगळ्या बायामाणसांसमोर. त्यामुळे रविवारी शेठच्या डोक्यात दोन आणि दोन लगेच जुळले. तिथंच, मांडवाबाहेर, पाचपन्नास माणसांत ते म्हणाले, "शुक्रवारचा राग माझ्या गाडीवर काढलास काय दशरथ? चावीनं ओरखडलंस?" आणि वर सांगितलं, की सोमवारी संध्याकाळी पाच वाजता गाडी पोर्चमध्ये पाहिजे. नवीन गाडीला रंग मारलेला चालणार नाही. ओरखडा दिसला तर चावी ठेवायची आणि चालू लागायचं.

हे सगळं मला आण्णांनी सांगितलेलं नाही. ते मला शेजारच्या कुसुमकाकूंकडून कळलं, आणि त्यांना ते मांडवातच कळलं होतं. म्हणजे सोमवारी सकाळपर्यंत निम्म्या सांगलीला ठाऊक झालं होतं, की दशरथ कुंभारानं मालकाची गाडी ओरखडली.

"आण्णा, तुम्ही केलंय?" मी गॅरेजात गाडी लावल्या लावल्या विचारलं होतं.

"न्हाई."

"मग कुणी केलंय?"

"तू काम कर."

"आणि काम केलं तर काय होणार? ओरखडा जाईल. नाव कसं जाईल? चूक केली आणि पोरीकडनं गुपचूप निस्तरून घेतली, असंच म्हणणार लोक."

"म्हणूदेत. तू काम कर वैजू."

माझे वडील मुळात कमी बोलणारे. पण आरोप खोटा असला तर ते खोटा आहे एवढं तरी म्हणायचे. आज तेही नाही. मला त्यांचा इतका राग आला, की बादली भरताना अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

मिस्त्रींनी दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर सकाळीच पाण्यात भिजत घातला होता. त्यात शाम्पूचे दोन थेंब, म्हणजे कागद घसरता राहतो. मी हातातलं घड्याळ काढलं, बांगड्या काढून डब्यात ठेवल्या, ओढणी मागं बांधली. बॉनेटच्या कडेच्या उंच घडीवर चिकटपट्टी लावली, कारण तिथं रंग सगळ्यात पातळ असतो आणि घाईत हात नेमका तिथंच जातो. कागद रबराच्या ठोकळ्याला गुंडाळला.

"पाणी कोण मारणार?" मी विचारलं.

"मी मारतो," आण्णा म्हणाले आणि पाण्याचा मग घेऊन उभे राहिले.

मिस्त्रींनी पहिले दहा हात बघितले, मान हलवली आणि टोपी घालून नमाजला गेले. जाताना म्हणाले, "दशरथभाऊ, हिला बोलत ठेवू नका. हिचं तोंड चाललं की हात जड होतो."

ते खरं होतं, म्हणून मी तोंड मिटलं. सरळ रेषेत पुढं, सरळ रेषेत मागं. गोल गोल घासलं की गोल गोल खुणा उठतात आणि त्या काढता काढता नाकी नऊ येतात. दाब द्यायचा नाही. ठोकळ्याचं वजन पुरेसं असतं. आण्णा बारीक धार सोडत होते आणि कागदाखालून दुधासारखं पांढुरकं पाणी ओघळत होतं. पांढरं येतंय तोवर क्लिअर निघतोय. काळं यायला लागलं तर रंगाला हात लागला, आणि मग देवाचा धावा करूनही उपयोग नाही.

वीस हात झाले की मी थांबायचे, रबराच्या पट्टीनं पाणी ओढायचे आणि बघायचे.

आता हे काम ज्यांनी केलेलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. कागद फिरला की चकाकी जाते आणि सगळा भाग धुरकट, राखाडी होतो. पण ओरखडा खोलगट असतो. कागद त्याच्या तळापर्यंत पोचत नाही. त्यामुळे त्या धुरकट भागात ओरखडे तेवढे चमकत राहतात. आधी उन्हातसुद्धा जे दिसले नव्हते, असे बारीक बारीक ओरखडेही उठून दिसतात. ते दिसेनासे होईपर्यंत घासत राहायचं, एवढंच काम.

पहिल्यांदा पाणी ओढलं तेव्हा मला तीनचारऐवजी सातआठ रेघा दिसल्या. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा दिसलं, की त्या कशाही मारलेल्या नाहीत. दोन लांब रेघा एकमेकींना मधोमध छेदत होत्या. त्यांच्या टोकांना आखूड रेघा होत्या, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या.

"पाणी थांबवा," मी म्हणाले.

"का गं? काय झालं?"

कोरडं फडकं घेऊन हलकेच टिपलं आणि गाल जवळजवळ बॉनेटला लावून तिरकं बघितलं. स्वस्तिक होतं. थरथरत्या रेघांचं, जरा कललेलं, पण स्वस्तिकच. त्याच्या वर तीन टोचे. त्यांच्यावर एक अर्धचंद्र आणि चंद्रात आणखी एक टोचा.

आमच्या घरी स्वस्तिक काढतात तेव्हा चार घरांत चार ठिपके देतात. वर तीन ठिपके आणि चंद्र, हे मी बघितलं होतं ते जैन बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, पाटावर तांदळानं काढलेलं. मगदूमही जैनच. आणि त्यांच्या घरी कुठलंही शुभकार्य असलं, की ते काढायचा मान एकाच माणसाचा होता. धनपालशेठच्या आई, आक्काताई. वय ऐंशीच्या पुढं, बोटात कायम एक जुनी अंगठी.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते सुटलो बाबा, एवढंच. मी ताठ उभी राहिले.

"आण्णा, बघा! हे बघा काय निघालंय! आक्काताईंच्या हातातली अंगठी लागलीय पूजेच्या वेळी. वरनं कुंकू होतं म्हणून चार दिवस कुणाला दिसलं नाही. तुम्ही धुतली आणि तुमच्या गळ्यात आलं. आता बोलवा म्हणावं शेठला!"

आण्णा वाकले नाहीत. बॉनेटकडे त्यांनी बघितलंच नाही. ते मगाकडे बघत होते.

मी फडकं खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"घास ते," आण्णा म्हणाले.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

त्यांनी मग खाली ठेवला आणि बाजूच्या टायरवर बसले. मग जे बोलले ते माझ्याशी बोलल्यासारखं नव्हतंच.

"मी नारळ घिऊन शेजारीच हुतो. म्हातारीचा हात लई कापतोय आता. म्हणून तिनं सगळा पंजाच टेकला गाडीवर आणि बोट वढत नेलं. अंगठी सैल झालीया तिला, आतल्या बाजूला फिरली हुती. मला आवाज आला. खर्र करून. तिला न्हाई आला, तिला कमी ऐकू येतंय. बाकीची फोटो काढण्यात दंग."

"मग तिथंच का बोलला नाही?"

"काय बोलू?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दोन वर्सांपूर्वी तिच्या हातनं दुधाचं पातेलं पडलं. मालक म्हणाले, आई, आता स्वैपाकघरात यायचं न्हाई. मग समई कलंडली. म्हणाले, दिव्याला हात लावायचा न्हाई. बागेत पाणी घालताना घसरली, बाग बंद झाली. माणूस वाईट न्हाई गं तो. पण भीती वाटली, की म्हातारीच्या हातनं एकेक काढून घेतो. आता हळदीकुंकवाचं एक तबक तेवढं ऱ्हायलंय तिच्याकडं. घरात काय नवं आलं, की ती तबक घिऊन भायेर येती आणि सगळी जरा बाजूला सरत्यात. तेवढंच. हे कळलं तर ते बी जाईल."

"आणि तुमचं नाव? ते गेलं तर चालतंय?"

"मला दुसरीकडं काम मिळंल. तिला दुसरं तबक कोण देणार हाय?"

मी कागद पाण्यात बुडवला, पुन्हा काढला. आणखी पंधरावीस हात मारले असते, तर त्या बारीक रेघा कायमच्या गेल्या असत्या. आधी चंद्र गेला असता, मग टोचे, मग टोकाच्या वळलेल्या रेघा. शेवटी दोन लांब ओरखडे उरले असते, आणि दोन ओरखडे कुणाचेही असू शकतात. माझं काम मी जितकं चांगलं करीन तितका माझा बाप पक्का गुन्हेगार ठरणार होता. काम वाईट केलं, तर पाच वाजता चावी ठेवून निघणार होता.

"मी नाही घासणार," मी म्हणाले.

"वैजू."

"नाही आण्णा. तुम्ही तिच्यासाठी गप्प बसलात. बसा. मी तुमच्यासाठी गप्प बसणार नाही. काल पन्नास माणसांत त्यांनी तुम्हाला चोरासारखं उभं केलं. कुसुमकाकू मला सकाळी विचारत होत्या, काय गं, खरंय का. मी काय सांगू?"

"आण तो कागद इकडं. मी घासतो."

"घासा की!" मी ठोकळा त्यांच्या हातात दिला. "चार हात मारा तुमच्या त्या जड हातानं. क्लिअर उडेल, खालचा रंग दिसेल, आणि मग सगळ्या बॉनेटला रंग मारावा लागेल."

त्यांनी ठोकळा घेतला. गाडीपाशी गेले. बॉनेटवर टेकवलासुद्धा. पण एकोणीस वर्षं दुसऱ्याची गाडी स्वतःच्या लेकरासारखी जपलेल्या माणसाचा हात तो, तो फिरेचना. थोड्या वेळानं त्यांनी ठोकळा परत बादलीत टाकला.

मिस्त्री आले ते नेमके तेव्हाच. त्यांनी आमची तोंडं बघितली, मग बॉनेटवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. मग सरळ झाले. "मला मध्ये घेऊ नका. बापलेकीनं ठरवा. मी एवढंच सांगतो, माझ्या गॅरेजातनं आजवर अर्ध्या कामाची गाडी बाहेर गेलेली नाही."

"आज जाणार मिस्त्री," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. ओरडतील असं वाटलं होतं. पण ते आत गेले आणि बफिंगचं मशीन, फोमच्या चकत्या, चकाकी आणणाऱ्या कंपाउंडची बाटली आणि तीन हजार नंबरचे दोन पेपर घेऊन आले. सगळं डिकीत ठेवलं.

"मग तिथंच पुरं करून ये. नाहीतर परत येऊ नको."

मगदुमांच्या बंगल्यावर आम्ही पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. वाटेत सिग्नलला आण्णांनी हँडब्रेक असा खाडकन ओढला, की मला समजायचं ते समजलं.

धनपालशेठ पोर्चमध्येच फोनवर बोलत होते. गाडीच्या बॉनेटवर मधोमध धुरकट पांढरा चौकोन बघून त्यांनी फोन कानावरून खाली घेतला.

"हे काय करून ठेवलंय? दशरथ! ओरखडे होते ते परवडले. हे काय आहे?"

"हे अर्धं काम आहे," मी म्हणाले. "पाचच्या आत पुरं करते. त्याआधी तुम्ही एकदा बघावं म्हणून आणलंय. इथनं नाही, इकडनं या. वाका जरा."

असं त्यांना घरात फारसं कुणी सांगत नसावं. ते चक्रावून वाकले.

"मालक, रागानं चावी ओढणारा माणूस वर तीन ठिपके देईल का?" मी विचारलं. "आणि वर चंद्र?"

ते बघत राहिले. ते सरळ झाले तेव्हा चेहरा पडला होता, पण क्षणभरच. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "आई! ए आई! जरा बाहेर ये."

त्या हाकेत जे होतं ते ऐकूनच आण्णांनी डोळे मिटले.

आक्काताई भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. पांढरं नऊवारी, बारीक काडीसारखे हात. उजव्या अनामिकेत जुनी अंगठी. तिचा खडा कधीच पडून गेला होता आणि कोंदणाचे दात तेवढे उभे होते. शेठनी बॉनेट दाखवलं. त्यांना आधी काही दिसेना. मी त्यांचा हात धरून त्यांना जरा बाजूला, तिरकं उभं केलं. तेव्हा दिसलं.

त्यांनी अंगठी बोटात फिरवून पाहिली.

"माझ्या हातचं हाय हे," त्या म्हणाल्या. साधंच. एखाद्या लोणच्याबद्दल सांगावं तसं.

"आई, तुला किती वेळा सांगितलंय!" शेठचा आवाज चढला. "तुला झेपत नाही ते करू नको म्हणून. सहा दिवसांची गाडी! पुढच्या वेळेपासून तबकाला हात लावायचा नाही. सून करील ते."

अगदी तेच शब्द. आण्णांनी दुपारी जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं माझ्यासमोर घडत होतं, आणि ते मी घडवून आणलं होतं. मला त्या क्षणी त्या गाडीवर, त्या पेपरवर, स्वतःवर थुंकावंसं वाटलं.

"मालक," आण्णा म्हणाले.

त्यांनी खिशातून चावी काढली आणि पोर्चच्या पायरीवर ठेवली.

"काल तुम्ही मला बोलला, मी ऐकून घेतलं. मी ऐकून घेतो, माझं ते कामच हाय. पण आक्काताईंना पुन्ना असं बोलू नगा. त्यांच्या हातनं तबक काढून घेणार असला, तर ही चावी आजच घ्या. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला कशाला हात लावू देत न्हाईत, तिथं माझ्यानं गाडी चालायची न्हाई."

एकोणीस वर्षांत आण्णा त्या घरात एवढं बोलले नसतील.

पण आक्काताई शेठकडे बघतच नव्हत्या. त्या आण्णांकडे वळल्या.

"दशरथ, तुला ठाव हुतं व्हय रे?"

आण्णा खाली बघू लागले.

"ठाव हुतं तर मला का न्हाई सांगितलंस?"

"आक्काताई, म्हटलं तुमास्नी वाईट वाटंल—"

"वाटू दे की वाईट! माझी चूक हाय, मला वाईट वाटायला नगो? ह्यो," त्यांनी लेकाकडे बोट केलं, "ह्यो माझ्या हातातली भांडी काढून घेतोय. आणि तू माझी चूक सुद्धा काढून घेतलीस. दोघं बी मला तान्हं पोर समजताय. तुझ्या अंगावर गाडी ओरखडल्याचं आलं, आणि मी आत बसून जेवत हुते. व्हय? हे बरं केलंस?"

आण्णांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मालकाच्या ओरडण्यानं जे झालं नव्हतं, ते या चार वाक्यांनी झालं. ते कान धरलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"उचल ती चावी," आक्काताई म्हणाल्या. "तबक माझं हाय. द्यायचं का ठेवायचं ते मी ठरवणार. ह्यानं न्हाई आणि तू बी न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, हे सगळं निघतंय का?"

"निघतंय आक्काताई."

"मग काढ. मी हितंच बसते."

पोर्चमधल्या झोपाळ्यावर त्या बसल्या. मी बादली भरली. आण्णा पाणी सोडू लागले. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. चंद्र गेला, टोचे गेले. टोकं गेली. शेवटचे दोन लांब ओरखडे चिवट होते. तिथं मी दर पाच हातांनी थांबले, नखानं बघितलं, पाण्याचा रंग बघितला. शेठ बाजूला उभे राहून बघत होते. मध्येच पाणी काळसर दिसलं आणि मी ठोकळा उचलला. मग कळलं, की ती त्यांची सावली होती.

"मालक, जरा उजेडातनं सरा," मी म्हणाले.

ते सरले.

दोन हजारचं झाल्यावर तीन हजारनं, म्हणजे त्याहून बारीक पेपरनं, घासून घेतलं. शेठनी स्वतः आतून वायर लांबवून आणून दिली. मशीनच्या चकतीवर कंपाउंडचे चार ठिपके घेतले, आधी बंद चकतीनंच ते पसरले आणि मग हळू वेगावर मशीन सुरू केलं. धुरकटपणा कडेकडेनं विरघळत गेला. आतून काळं वर आलं, खोल, ओलं दिसणारं. झोपाळा त्यात दिसायला लागला, मग झोपाळ्यावरची पांढरी साडी दिसायला लागली. शेवटी मऊ फडक्यानं पुसून मी चिकटपट्टी काढली आणि सगळ्या बाजूंनी तिरकं बघितलं. काही नव्हतं. मी या हातानं हजारांनी गाड्या केल्यात त्यानंतर, स्वतःचं गॅरेज घातलं. पण तसलं बॉनेट पुन्हा झालं नाही, आणि मी ते उगीच म्हणत नाही.

पाचला दहा कमी होते.

शेठ पुढं आले, वाकले, बोट फिरवलं. गप्प झाले. हेच ते माझ्या आवडीचं गप्प होणं. पण या खेपेला मला त्याचं काही वाटलं नाही.

आक्काताई उठून आत गेल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा बोटात अंगठी नव्हती. तिथं कातडी पांढरी पडली होती. हातात हळदीकुंकवाचं तबक होतं आणि ते थरथरत होतं.

"धनू, धर हे," त्या म्हणाल्या.

"आई, आता परत कशाला—"

"धर म्हटलं न्हवं! हात माझा कापतोय, तुझा न्हाई कापत. तू धर, मी काढते. असं मला आधीच सुचाय पायजे हुतं, आणि तुला बी."

धनपालशेठनी तबक धरलं. आक्काताईंनी कुंकवात बोट बुडवलं, दुसऱ्या हाताचा पंजा माझ्या खांद्यावर टेकवला आणि वाकल्या. त्यांचं वजन जेमतेम होतं. पहिली रेघ वाकडी गेली, त्यांनी ती तशीच ठेवली. दुसरी रेघ ओढली. मग चार टोकं.

शेठ तबक धरून उभे होते आणि समोर, गाडीच्या पलीकडे, आण्णा उभे होते. चांगला ताठ माणूस होता धनपालशेठ, पण त्या वेळी त्यांना कुठं बघावं कळत नव्हतं. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"दशरथ," ते म्हणाले, "काल मांडवात सगळ्यांसमोर मी..."

आक्काताई वरचा तिसरा ठिपका देत होत्या.

"तबक सरळ धरा मालक," आण्णा म्हणाले. "कुंकू सांडंल."